लिस्बन उतरताना

लिस्बनमध्ये रस्त्याचं नाव वाचण्याआधी पाटीवरचा पहिला शब्द वाचायचा. रुआ म्हणजे साधा रस्ता. त्रावेसा म्हणजे दोन रस्त्यांना जोडणारी आडवी गल्ली. काल्सादा लिहिलेलं असलं की पुढे चढ आहे असं धरूनच चालायचं, आणि इश्कादिन्याश म्हणजे थेट पायऱ्या. बेकु म्हणजे बोळ. तो बहुधा कुणाच्या तरी दारापाशी जाऊन संपतो. लार्गु हा घरांच्या मधला छोटा चौक, तिथे झाड, बाक आणि बऱ्याचदा कॉफीची टपरी सापडते. पातियु म्हणजे आतलं अंगण. ते रस्त्याला उघडं असलं तरी ते तिथल्या लोकांचं असतं, हे लक्षात ठेवून पाऊल टाकायचं. फोनवरचा नकाशा 'सहा मिनिटं' म्हणतो तेव्हा तो अंतर बरोबर सांगत असतो, पण त्या सहा मिनिटांत आपण चार मजले चढणार आहोत हे सांगत नाही. पाटीवरचा पहिला शब्द ते सांगतो.

शहर टेकड्यांवर वसलेलं आहे आणि दक्षिणेला तेजु नदी आहे. टेकडीवरून निघालेली जवळपास प्रत्येक वाट शेवटी नदीकडे नाहीतर टेकड्यांच्या मधल्या सपाट बायशा भागात उतरते. म्हणून इथे फिरताना मी एकच नियम पक्का मानतो: चढायचं वाहनानं, उतरायचं पायी. यात दम वाचतो हे खरंच, पण मुख्य कारण दुसरं आहे. चढताना नजर पुढच्या दोन-तीन दगडांवर खिळलेली असते. उतरताना ती छपरांवरून, गॅलऱ्यांवरून, दोरीवरच्या कपड्यांवरून थेट पाण्यापर्यंत जाते. रस्ता चुकलात तर नकाशा उघडण्याआधी उताराच्या दिशेनं चालत राहा. अल्फामा या जुन्या वस्तीत तर फोनचा ठिपका अरुंद बोळांमुळे भलत्याच गल्लीत उड्या मारतो. तिथे उतार हाच खरा वाटाड्या.

आता चढायचं कसं ते.

विमानतळावरच मेट्रोची लाल लाइन मिळते. तिथल्या मशीनमधून नावेगांत नावाचं कागदी कार्ड ५० सेंटना मिळतं आणि ते वर्षभर चालतं. माणशी एक कार्ड लागतं, दोघांत एक चालत नाही. त्यात एकतर २४ तासांचा पास भरता येतो किंवा 'झॅपिंग', म्हणजे रक्कम भरून ठेवायची आणि दर फेरीला त्यातून वजा होऊ द्यायची. पास साधारण सात युरोंचा. त्याचे २४ तास तारखेप्रमाणे मोजत नाहीत, कार्ड पहिल्यांदा टेकवल्यापासून मोजतात. दुपारी दोनला सुरू केलेला पास दुसऱ्या दिवशी पावणेदोनच्या ट्रामलाही चालतो. एका दिवसात चाराहून जास्त फेऱ्या होणार असतील तर पास घ्यावा, नाहीतर झॅपिंग बरं. ट्राममध्ये ड्रायव्हरकडे रोख पैसे देऊन तिकीट काढलं तर तीन युरोंहून जास्त मोजावे लागतात, म्हणजे झॅपिंगच्या जवळजवळ दुप्पट. एक घोळ मात्र हमखास होतो. झॅपिंगचे पैसे शिल्लक असलेल्या कार्डावर पास भरायला जावं तर मशीन नकार देतं, आणि मागे रांग खोळंबते. दोन्ही हवं असेल तर दोन कार्डं ठेवा आणि पेनानं खूण करा, कारण ती दिसायला अगदी सारखी असतात.

२८ नंबरच्या पिवळ्या ट्रामचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती मार्तिं मुनीशहून ग्रासा, अल्फामा, बायशा, शियादु, इश्त्रेला करत कांपु द ओरिकला जाते. डबे १९३० च्या दशकातले, मोटारी आणि ब्रेक नंतर बदललेले. रुळांची रुंदी फक्त ९०० मिलिमीटर आहे, म्हणून ती अल्फामातल्या वळणांवर भिंतीला घासेल असं वाटत असताना सुखरूप निघून जाते. बसायला जागा अवघ्या २०. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर मार्तिं मुनीशच्या थांब्यावर पर्यटकांची रांग चौकाला वळसा घालते. त्यापेक्षा सकाळी नऊच्या आत दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरिकच्या स्मशानभूमीपाशी जाऊन बसावं, खिडकी मिळते. खिसेकापू या ट्रामवर नेमाने असतात, म्हणून पाठीवरची पिशवी पोटावर घ्यायची आणि मागच्या खिशात काही ठेवायचं नाही. आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: ही ट्राम ग्रासातल्या म्हाताऱ्या बायकांची बाजारात जायची गाडी आहे. भाजीची पिशवी घेऊन कुणी चढलं की जागा द्यावी. ट्रामची हौस भागवायचीच असेल तर १२ आणि २४ नंबरच्या ट्रामा तशाच जुन्या आहेत आणि त्यांत गर्दी कमी असते.

नुसतं वर पोचायचं असेल तर ट्रामही नको. ७३७ नंबरची छोटी बस प्रासा दा फिगेइराहून टेकडीवरच्या किल्ल्यापर्यंत नेते, ७३४ मार्तिं मुनीशहून ग्रासाला. किल्ल्याकडे जायला फुकट लिफ्टही आहे: बायशातल्या रुआ दुश फांकेइरुशवरच्या एका इमारतीतून वर रुआ दा मादालेनाला, तिथून थोडं चालून सुपरमार्केट असलेल्या इमारतीच्या लिफ्टनं आणखी वर. बायशा-शियादु मेट्रो स्टेशनाचे सरकते जिने तर मला शहरातली सगळ्यात कामाची वाट वाटतात. खालच्या दारानं शिरायचं, तिकिटाच्या फाटकापर्यंत न जाता जिने पकडायचे, आणि शियादुच्या चौकात वर निघायचं. कार्ड टेकवावंच लागत नाही. हे स्टेशन आल्व्हारु सिझा या पोर्तुगीज वास्तुविशारदाचं. पांढऱ्या फरश्यांचा तो लांब बोगदा उन्हाळ्यात गारही असतो.

उतरंडीवर दोरखंडानं ओढल्या जाणाऱ्या ग्लोरिया, लाव्रा आणि बिका या तीन जुन्या गाड्यांवर मात्र बेत आखू नका. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरियाचा डबा सुटून उतारावर आदळला आणि १६ जणांचा जीव गेला. त्यानंतर बाकीच्याही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. चालू असतील तर त्या दिवशी पाहून ठरवावं.

इथली पायाखालची जमीन हा वेगळाच विषय आहे. पदपथ सगळे छोट्या दगडी चौकोनांचे, पांढरा चुनखडक आणि नक्षीसाठी काळा दगड. एक दगड साधारण पाच-सहा सेंटिमीटरचा, मुठीत मावणारा. रोसियु चौकातली लाटांची नक्षी १८४८-४९ मधली आहे. दुरुस्तीचं काम चालू दिसलं तर दहा मिनिटं थांबून बघाच. कारागीर बुटक्या स्टुलावर जमिनीलगत बसतो. डाव्या तळहातावर दगड धरून उजव्या हातातल्या हातोडीनं एक-दोन टोले देतो, दगड हव्या त्या कोनात फुटतो. तो वाळू आणि दगडाच्या भुकटीच्या थरावर बसवतो, कडेला बोटानं चाचपतो, नसेल बसत तर बाजूला टाकून दुसरा उचलतो. नक्षी असेल तर लाकडी साचा आधी जमिनीवर ठेवतात आणि काळे दगड त्याच्या कडेनं लावतात. मग सांध्यांत भुकटी झाडून भरायची आणि जड लाकडी ठोकणीनं सगळं एका पातळीत आणायचं. खाली पक्कं काँक्रीट नाही, म्हणून पाणी जमिनीत मुरतं. पण त्याच कारणानं झाडाच्या मुळ्या किंवा पदपथावर चढवलेली मोटार दगड उचकटते, आणि एक निघाला की शेजारचे सैल होतात. या कारागिरांसाठी नगरपालिकेनं १९८६ साली शाळा काढली.

दगड गुळगुळीत झालेत ते लाखो पायांनी. पावसात, आणि उन्हाळ्यातल्या पहाटेच्या दवातही, ते साबण लावल्यासारखे होतात. कडक प्लास्टिकच्या तळव्याची चप्पल किंवा कातडी तळव्याचे बूट घालून काल्सादा उतरू नये. मऊ रबराचा, खाचा असलेला तळवा हवा. उतारावर पाऊल छोटं टाकायचं आणि पायऱ्यांच्या मध्यावरून न चालता भिंतीकडची बाजू धरायची. मध्यभाग जास्त झिजलेला असतो. चाकाच्या बॅगेचं एखादं चाक या दगडांत अडकून तुटणं ही इथली नेहमीची गोष्ट. अल्फामात किंवा मोरारिया वस्तीत मुक्कामाला उतरणार असाल तर पाठीवर घेता येईल एवढंच सामान आणा.

राहायच्या जागेचा पत्ता वाचायलाही शिकून घ्यावं लागतं. आकड्यानंतर 'दिरेइतु' म्हणजे जिन्यानं वर आल्यावर उजवीकडचं दार, 'इश्केर्दु' म्हणजे डावीकडचं. पाटीवर दोन्हींची फक्त पहिली काही अक्षरं असतात. तळमजल्याला वेगळं संक्षिप्त रूप आहे, आणि पहिला मजला आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा. पण जुन्या घरांत लिफ्ट नसते, जिने उभे आणि लाकडी असतात, म्हणून 'तिसरा मजला, डावीकडे' हे वाचून सामानाचा विचार आधी करावा. हिवाळ्यात आणखी एक अडचण: घरं दगडी, खोल्या गरम करायची सोय बऱ्याच ठिकाणी नाही. बाहेर बारा अंश असताना आत त्याहून गार वाटतं. डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी हीटर आहे का हे विचारूनच खोली घ्यावी.

उतरायला सुरुवात करायची ती ग्रासाहून. सेन्योरा दु मोंत नावाच्या कठड्यावरून सगळं शहर समोर असतं: किल्ला, नदी, लाल पूल. पण ग्रासाची खरी मजा कठड्यावर नाही, मागच्या गल्ल्यांत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांसाठी बांधलेल्या वसाहती इथे अजून आहेत. त्यांना 'व्हिला' म्हणतात, पण ते बंगले नव्हेत. व्हिला बेर्ता पाहा: एका बाजूनं कमानीखालून आत शिरायचं, मधे रस्ता, दोन्हीकडे सारखी घरं, लोखंडी गॅलऱ्या, कुंड्या. गिरगावातली चाळ पाहिलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटतं. समोरासमोरची दारं, एकाच्या स्वयंपाकाचा वास दुसऱ्याच्या घरात, आणि अनोळखी माणूस आत आला की कुणीतरी गॅलरीत येऊन पाहणारच. अशा वेळी 'बों दिया' असा नमस्कार करावा. दुपारच्या जेवणानंतर 'बोआ तार्द'. या शहरात हा शब्द तोंडातून आधी निघाला की पुढचं सगळं सोपं होतं. दुकानात शिरल्या शिरल्या भाव विचारला तर माणसं दुखावतात.

ग्रासाहून काराकोल दा ग्रासा नावाच्या गोगलगाईसारख्या वळणदार पायऱ्या मोरारियात उतरतात. ११४७ साली अफोंसु एन्रिकेश राजानं शहर जिंकलं, तेव्हा तिथल्या मुसलमानांना किल्ल्याच्या उत्तरेच्या या उतारावर वेगळं वसवलं. मोरारिया हे नाव त्यांचंच. फादु गायकीचं मूळ इथलं मानतात. १८४६ साली ऐन तारुण्यात वारलेली फादु गायिका मारिया सेव्हेरा रुआ दु कापेलांवर राहायची. बेकु दाश फारिन्याशच्या भिंतींवर तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे मोठे काळे-पांढरे फोटो छापलेले आहेत. फोटोतली आजी कधीकधी त्याच भिंतीशेजारच्या खुर्चीवर बसलेली असते. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवून बोलावं. तळमजल्याचं दार उघडं असतं आणि आत सरळ स्वयंपाकघर दिसतं. ते दृश्य कितीही सुंदर असलं तरी ते कुणाचं तरी घर आहे.

खाली मार्तिं मुनीश चौक आणि त्यामागे रुआ दु बेन्फोर्मोझु. इथे बांगलादेशी किराण्याची दुकानं, हलाल खाटीक, मोबाइल दुरुस्ती, चिनी घाऊक माल. तूरडाळ, मोहरी, हिरवी मिरची, सगळं मिळतं; आठवड्याहून जास्त राहणाऱ्यांनी सामान इथूनच भरावं. कोथिंबिरीसाठी मात्र इथवर यायची गरज नाही. पोर्तुगीज स्वयंपाकात ती भरपूर वापरतात आणि कुठल्याही भाजीवाल्याकडे जुड्या असतात. तिसऱ्या, म्हणजे शिंपले, लसूण आणि कोथिंबीर घालून करतात, त्या मालवणी माणसानं खाऊनच पाहाव्यात. खोबरं नाही, तिखट नाही, फक्त तिसऱ्यांचं पाणी, लसूण, ऑलिव्ह तेल, वरून कोथिंबीर आणि लिंबू. कॅफेच्या काचेत तिकोनी 'शामुसा' दिसेल. तो आपला समोसाच, गोवा आणि मोझांबिकमार्गे इथे पोचलेला. पारी पातळ, आत बहुधा खिमा असतो, तेव्हा शाकाहारी माणसानं विचारून घ्यावं.

चौकापासून पाच मिनिटांवर इंतेंदेंत हा दुसरा चौक. एकेकाळी लोक रात्री इथून जायला टाळत. २०११ साली महापौर आंतोनियु कोश्ता यांनी आपलं कार्यालय मुद्दाम या चौकात हलवलं, आणि त्यानंतर वस्ती पालटत गेली. पुढे पंतप्रधान झालेले कोश्ता वडिलांकडून गोव्याचे. मडगावात त्यांच्या कुटुंबाचं घर आहे. चौकाच्या कडेची व्हियुव्हा लामेगु कारखान्याची इमारत पाहा. फरशांचा व्यापार करणाऱ्यांनी आपली सगळी दर्शनी भिंतच फरशांनी रंगवून जाहिरात केली आहे.

फरशा, म्हणजे अझुलेजु. साधारण १४ सेंटिमीटर चौरसाची एक. एकोणिसाव्या शतकात घरांच्या बाहेरच्या भिंतींना त्या लावायची पद्धत रुजली, कारण त्या पावसाची ओल आत येऊ देत नाहीत, ऊन परतवतात आणि पुन्हा पुन्हा रंग द्यावा लागत नाही. जवळ जाऊन पाहिलं की छापाच्या साच्यानं रंगवलेल्या आणि हातानं रंगवलेल्या यांतला फरक दिसतो: हातच्या रेषेची जाडी बदलत जाते, साच्याच्या कडा थबकतात. काही भिंतींवर मधेच रिकामे चौकोन दिसतील. ती पडझड नेहमी वयानं झालेली नसते. जुन्या फरशा चोरून विकल्या जातात. मंगळवारी आणि शनिवारी सांता क्लारा मैदानावर फेइरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो. तिथे तांब्याची भांडी, जुनी पोस्टकार्डं, कुलपं, पितळी नळ जरूर घ्या, पण मागे चुन्याचे पोपडे चिकटलेली सुटी फरशी घेऊ नका. ती कुठल्यातरी भिंतीतून उपटलेली असण्याची शक्यता फार. पोलिसांच्या संग्रहालयानं २००७ पासून याविरुद्ध 'एसओएस अझुलेजु' ही मोहीम चालवली आहे. आठवण हवी असेल तर नवी, कारागिराकडची फरशी घ्यावी.

अल्फामा पोर्ताश दु सोलच्या गच्चीवरून उतरायचं. अल्फामा हे नाव अरबी, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं. १७५५ च्या भूकंपात खालचं शहर कोसळलं, पण ही वस्ती खडकावर असल्यानं बरीचशी टिकली, म्हणून गल्ल्यांचा जुना गुंता तसाच आहे. कपडे वाळत घालायची इथली तऱ्हा निरखण्यासारखी. खिडकीच्या दोन्ही अंगांना लोखंडी हात, त्यांच्या टोकांना छोट्या कप्प्या, आणि त्यांवरून फिरणारी दोरी. बाई खिडकीतून न हलता एक कपडा चिमट्यानं लावते, दोरी ओढते, लावलेला कपडा पुढे सरकतो, दुसऱ्याला जागा होते. मोज्यांना जोडीत एकच चिमटा, चादर बाहेरच्या दोरीवर, आतले कपडे भिंतीकडच्या. पावसाचं लक्षण दिसलं की वरून पारदर्शक प्लास्टिकचा कागद ओढला जातो आणि कपडे तसेच राहतात. खालून जाताना मानेवर थेंब पडला तर वर पाहून हसावं.

हे कपडे म्हणजे गल्ली जिवंत असल्याची खूणही आहे. दाराशेजारी निळ्या रंगाची 'एएल' अक्षरांची पाटी म्हणजे ते घर पर्यटकांना भाड्यानं दिलेलं. दाराच्या कडीला आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी लटकत असेल तरी तेच. अल्फामातल्या काही बोळांत या पाट्या मोजत गेलं की शेवटपर्यंत एकही कपड्यांची दोरी लागत नाही, आणि मन खट्टू होतं. आपणही तिथेच उतरत असू तर निदान रात्री दहानंतर बोळात आवाज करू नये; दगडी भिंतींमधून कुजबुजही तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाते. माझ्या मते अल्फामा पाहावं, आणि राहावं दुसरीकडे.

बायशा म्हणजे खालचं, नव्यानं आखलेलं शहर. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, सणामुळे चर्च भरलेली असताना, भूकंप झाला. मग समुद्राची लाट आली, मग आग. राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्क्विसनं सरळ रेघांचे रस्ते आखून हा भाग पुन्हा बांधला. भिंतींच्या आत लाकडाच्या फुल्यांचा सांगाडा बसवला, त्याला 'गायोला', म्हणजे पिंजरा म्हणतात. हादरा बसला की लाकूड लवतं आणि दगडी भाग गडगडला तरी मजला उभा राहतो. रस्त्यांना धंद्यांची नावं दिली: सोन्याचा, चांदीचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा.

आणि इथेच मराठी माणसाचे कान टवकारतात. रुआ दा कोंसेइसांववर शिवणसामानाची जुनी दुकानं एकामागोमाग आहेत. भिंतभर खोकी, प्रत्येक खोक्यावर आतल्या बटणाचा एक नमुना शिवलेला. तिथे रिबिनीला म्हणतात 'फिता', आपली फीत. मीटरनं मोजून देतात. किल्ल्या करणाऱ्याच्या पाटीवर 'शाव्हश', एक किल्ली म्हणजे शाव्ह, आपली चावी. घरगुती सामानाच्या दुकानाबाहेर एकात एक रचलेल्या प्लास्टिकच्या 'बाल्द', म्हणजे बादल्या. वखारीत 'पिपा', म्हणजे पिंप. बेकरीत पांव. भाजीवाल्याकडे बताता. काल्दु व्हेर्द नावाच्या हिरव्या सूपमध्ये बारीक चिरून घालतात ती 'कोव्ह', तिच्यावरून आपली कोबी. लिलावाच्या पाटीवर 'लेलांव'. कारागिराला मेश्त्र, आपला मेस्त्री. खिडकीला 'जानेला' म्हणतात, हे गोव्याकडच्या वाचकाला सांगायलाच नको. वसई, चौल आणि गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेले हे शब्द आपण इतके वापरले की ते पाहुणे आहेत हे विसरून गेलो. परक्या शहरात ते दुकानाच्या पाटीवर वाचताना अंगावर काटा येतो.

सपाट जमिनीवर साधं लिस्बन पाहायचं तर कांपु द ओरिक. २८ नंबरचं हे टोक. सरळ रस्ते, १९३४ चा बाजार, बेकऱ्या, दुपारी शाळेतून आजोबांबरोबर घरी जाणारी मुलं. कवी फर्नांदु पेसोआ आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं इथेच राहिला. कॅफेतले नियम इथे शांतपणे शिकता येतात. 'बिका' म्हणजे छोटी कडक कॉफी, एक युरोच्या आसपास. 'गालांव' म्हणजे उंच ग्लासात भरपूर दूध घातलेली. चहाला 'शा'. काउंटरशी उभं राहून प्यायलं तर स्वस्त, बाहेरच्या टेबलावर त्याच कॉफीला जास्त. बेकरीत आणि मासळीवाल्याकडे आधी मशीनमधून नंबराची चिठ्ठी ओढायची, नाहीतर उभेच राहाल. जेवायला बसलं की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता 'नांव, ओब्रिगादु', म्हणजे 'नको, धन्यवाद' म्हणावं, बाईनं 'ओब्रिगादा'. न मागितलेल्या आणि न शिवलेल्या पदार्थाचे पैसे कायद्यानं घेता येत नाहीत. दुपारी साडेबारा ते तीनमध्ये 'प्रातु दु दिया', म्हणजे त्या दिवसाचा खास पदार्थ, मागावा, ताजा आणि स्वस्त. 'मेया दोझ' म्हणजे अर्धी थाळी, ती एकाला पुरते. शाकाहारी माणसानं काल्दु व्हेर्द 'सें शोरिसु', म्हणजे सॉसेजशिवाय, मागितलं तरी सॉसेजची चकती फक्त वरून काढली जाते, शिजताना ती आत असू शकते. तेव्हा भाज्यांचं सूप मांसाच्या पाण्यात केलंय का हे विचारायलाच हवं. नळाचं पाणी पिण्यालायक आहे; बाटल्या विकत घेत बसू नका.

जूनमध्ये जाणार असाल तर १२ तारखेची रात्र ठरवून जा. सांतु आंतोनियु या संताच्या सणाच्या आदल्या रात्री अल्फामा, मोरारिया, ग्रासा, सगळ्या वस्त्यांत दारांपुढे शेगड्या पेटतात आणि त्यांवर तारल्या भाजतात. जाड मीठ, पावाचा एक तुकडा, त्यावर अख्खी तारली. तेल पावात मुरतं आणि शेवटी तोच पाव सगळ्यात चांगला लागतो. या दिवसांत मांजेरिकु नावाच्या रोपाच्या कुंड्या विकायला येतात. तुळशीच्या जातीचं, बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल छाटलेलं. त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता लिहिलेला झेंडा खोचलेला असतो. त्याचा वास घ्यायला नाक जवळ न्यायचं नाही, रोप सुकतं म्हणतात. तळहात पानांवरून हलकेच फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. तो वास तुळशीचा आणि लिंबाचा मिळून येतो. पाणी खालच्या बशीत घालायचं.

शेवटचं उतरणं काइश दु सोद्रेच्या धक्क्यावर. त्याच झॅपिंग कार्डानं पलीकडे कासिल्यासला होडी जाते, दहा मिनिटं लागतात. परतीची शेवटची फेरी किती वाजता हे धक्क्यावरच पाहून ठेवा. पलीकडे उतरून मागे वळायचं. डावीकडे लाल पूल, मग इश्त्रेलाच्या चर्चचा पांढरा घुमट, मधे नदीकाठचा पिवळ्या कमानींचा चौक, वर किल्ला, त्याच्या उजव्या हाताला ग्रासा आणि सां व्हिसेंत चर्चचे दोन पांढरे मनोरे. ज्या ज्या पायऱ्या उतरलो त्या तिथून एकेक करून बोटानं दाखवता येतात. ऊन कलायच्या आधी तासभर तिथे पोचलेलं बरं, तेव्हा प्रकाश पश्चिमेकडून सगळ्या भिंतींवर येतो.